आडनाव तेच, हाडं कोणाची?

बोरिवलीच्या आमच्या मामाने यंदा ठरवलंय, गणपतीला राजापूरला जायचं ते स्वतःच्या गाडीने. घरात आजी धरून सहा माणसं. त्यामुळे गाडी मोठी हवी, आणि मामाच्या डोक्यात कॉलेजपासून एकच नाव : स्कॉर्पिओ. सेकंड हँड चालेल, पण स्कॉर्पिओच. परवा त्याने फॅमिली ग्रुपवर क्रॅश टेस्टचा व्हिडिओ टाकला, खाली लिहिलं, '५ स्टार! आजी सेफ!!' आणि त्याखाली स्वतः बघून आलेल्या गाडीचा फोटो.

व्हिडिओतली गाडी स्कॉर्पिओ-एन होती. फोटोतली स्कॉर्पिओ क्लासिक.

'अगं, दोन्ही स्कॉर्पिओच ना?' मामाने विचारलं. हो, आणि नाही.

पहिली स्कॉर्पिओ २००२ ची, नाशिकच्या कारखान्यातली. महिंद्राने जून २०२२ मध्ये चाकणला बनणारी स्कॉर्पिओ-एन आणली, पण जुनी बंद केली नाही. दोनच महिन्यांत जुनीला नवं बारसं करून 'क्लासिक' म्हणून पुन्हा बाजारात उभं केलं. एन ही क्लासिकपेक्षा सुमारे २० सेंटीमीटर लांब. तिची चॅसिस नवी, मागचं सस्पेन्शन वेगळं, बॉडी पूर्ण वेगळी. समान काय? नाव, आणि २.२ लिटरचं एमहॉक डिझेल इंजिन. एनच्या खालच्या व्हेरियंटमध्ये ते १३२ पीएस ताकद देतं, क्लासिकमध्येही तेवढीच.

म्हणजे धडधड एकच, शरीरं दोन. आणि क्रॅश टेस्ट इंजिनाची नसते, शरीराची असते. ग्लोबल एनकॅपचे ते ५ स्टार २०२२ मध्ये एनला मिळाले (मोठ्यांसाठी ५, लहान मुलांसाठी मात्र ३, हे फॉरवर्डमध्ये कोणी लिहीत नाही). त्याच संस्थेने २०१६ मध्ये एअरबॅग नसलेली तेव्हाची स्कॉर्पिओ आपटून बघितली होती. मोठ्यांच्या सुरक्षेसाठी तिला शून्य स्टार होते. आजच्या क्लासिकमध्ये पुढे दोन एअरबॅग आहेत, त्यामुळे तो शून्य जसाच्या तसा तिला चिकटवणंही चूक. पण एनचे ५ स्टार तिच्या कपाळावर लावता येत नाहीत, एवढं नक्की.

हे सगळं जमतं कसं, ते आमच्या बिल्डिंगमधल्या रिटायर्ड काकांनी समजावलं. त्यांची सगळी नोकरी ऑटोमोबाइल कारखान्यांत गेली. आकुर्ली मेट्रो स्टेशनला उतरलं की कांदिवलीचा महिंद्राचा जो जुना परिसर लागतो, तिथून जाताना ते आजही मान वळवून बघतात. त्यांनी चहाच्या टेबलावर दोन चमचे उभे, तीन आडवे ठेवले. शिडी. हीच लॅडर फ्रेम. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं या शिडीला लटकतात आणि बॉडी वरून बोल्टने बसते. लहान हॅचबॅकमध्ये बॉडी आणि सांगाडा एकच असतो, तिथे एवढी मोकळीक नाही. शिडी असली की तिच्यावर कधी जीप, कधी टॅक्सी, कधी ॲम्ब्युलन्स बसवता येते. शिडी छोटी-मोठीही करता येते. नवी शिडी, नवं इंजिन बनवायला प्रचंड पैसा लागतो, मग तो चार गाड्यांवर वाटून टाकतात. यात फसवणूक काही नाही. उलट इंजिन एकच असलं की गावाकडच्या मेकॅनिकचा हात त्यावर बसलेला असतो. फक्त कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन 'स्कॉर्पिओचा पार्ट द्या' म्हणून बघा. पहिला प्रश्न येईल, 'कुठली? सालं कुठलं?'

खरी गंमत थार आणि बोलेरोची. २०२० ची तीन दारांची थार आणि २०२४ ची पाच दारांची थार रॉक्स नावाने सख्ख्या बहिणी. पण रॉक्सचं मागचं सस्पेन्शन वॅट्स लिंकेजवालं, स्कॉर्पिओ-एनच्या धाटणीचं. दोन लिटरचं पेट्रोल इंजिन थार, रॉक्स, स्कॉर्पिओ-एन आणि एक्सयूव्ही७०० अशा चौघींत फिरतं. तीन दारांच्या थारमध्ये ते १५० पीएसचं, एनमध्ये सुमारे २०० चं.

बोलेरो निओ तर आडनाव बदलून आलेली. २०१५ मध्ये ती टीयूव्ही३०० होती. २०२१ मध्ये चेहरा बदलला आणि बोलेरो झाली. का? कारण टीयूव्ही हे नाव लोकांच्या तोंडी बसलं नाही, आणि बोलेरो २००० पासून गावोगावच्या रस्त्यांवर आहे, असं मला वाटतं. जुन्या बोलेरोशी तिचं हाडांचं नातं जवळपास नाहीच. तिची शिडी स्कॉर्पिओ-थारच्या घराण्यातली. आणि २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपने हिला दिला १ स्टार. मोठ्यांसाठीही, मुलांसाठीही.

त्यात टॅक्सची भानगड. चार मीटरच्या आत लांबी आणि डिझेल इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर गाडी 'छोटी'. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीला १८ टक्के जीएसटी, मोठ्या एसयूव्हीला ४०. म्हणून बोलेरो आणि निओ दोघीही चार मीटरच्या आतच थांबतात. म्हणून थारलाही २०२३ मध्ये दीड लिटरचं डिझेल मिळालं, आणि त्या इंजिनासोबत फक्त मागच्या चाकांची ड्राइव्ह. फोर बाय फोर नाही. मरीन ड्राइव्हवर रील काढणाऱ्यांना त्याने काही फरक पडत नाही म्हणा.

आणि हे एकाच घरात चालतं असंही नाही. पुण्याजवळच्या रांजणगावला फियाटच्या घराण्यातलं दोन लिटरचं डिझेल बनतं. ते जीप कंपासमध्ये गेलं, टाटा हॅरियरमध्ये 'क्रायोटेक' नावाने गेलं, एमजी हेक्टरमध्येही गेलं. शोरूममध्ये एकमेकींच्या कट्टर स्पर्धक, बॉनेटखाली चुलत बहिणी. टाटांनी २०२१ मध्ये सफारी हे नाव परत आणलं तेव्हा तर मोठाच उलटफेर होता. १९९८ ची सफारी शिडीवरची, फोर बाय फोर मिळणारी. नवी ही लांब केलेली हॅरियर, पुढच्या चाकांवर चालणारी. ज्याने नाव ऐकून घाट चढायची स्वप्नं बघितली, त्याने ब्रोशरचं शेवटचं पान वाचायला हवं होतं.

माझं म्हणणं कंपन्यांनी भाग वाटून घेऊ नयेत असं अजिबात नाही. पण नाव वाटून घेताना स्टारही आपोआप वाटले जातात असा समज तयार होतो, आणि तो दूर करायची घाई कोणालाच दिसत नाही. गाडी घेताना आरसीवर मॉडेल आणि व्हेरियंट नीट बघायचं आणि टेस्ट रिपोर्टवर गाडीचं पूर्ण नाव आणि साल जुळवायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

मामाला हे सगळं टाइप करून पाठवलं. दोन ब्ल्यू टिक आल्या, बराच वेळ काही नाही. रात्री अकराला मेसेज आला : 'बरं, मग बोलेरो निओ बघू का? बोलेरो म्हणजे दणकटच असते.'

मी थेट फोनच लावला.