सोसायटीच्या अंगणातला झेंडू: पैसे कोणी द्यायचे, पाणी कुठून आणायचं आणि ती जागा नक्की कोणाची?

पावसाळा तोंडावर आला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन विषय हमखास निघतात. पहिला गच्चीच्या गळतीचा आणि दुसरा गेटजवळच्या मोकळ्या पट्ट्याचा. कुणीतरी झेंडूच्या रोपांचा फोटो टाकतं, ‘यंदा लावूया का?’ म्हणून विचारतं. लगेच उत्तर येतं, ‘गेल्या वर्षीची वाळली, पुन्हा मेंटेनन्समधून पैसे नकोत.’ तिसरा म्हणतो, ‘त्यापेक्षा तिथं चार बाइक उभ्या राहतील.’ मग दोन दिवस ग्रुपवर शांतता असते आणि चौथ्या दिवशी तिथं पहिली बाइक उभी राहते.

वाद शे-दोनशे रोपांचा दिसतो. पण त्यात जमिनीचा हक्क, पाणी आणि मेंटेनन्सची वाटणी हे तिन्ही प्रश्न गुंतलेले आहेत. ते एकेक करून समजून घेऊ.

बेलवलीत हा प्रश्न जास्त का टोचतो?

बेलवली, कात्रप, मांजर्ली, कुळगाव ही मुळात गावं. आज ती सगळी कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत आहेत. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती. २०११ मध्ये ती १,७४,२२६ झाली आणि त्यानंतरही इमारती वाढतच गेल्या. मुंबई-ठाण्यात घर परवडत नाही म्हणून लोक इथं आले. येताना त्यांच्या डोक्यात एक चित्र होतं: घर लहान असलं तरी खाली थोडं मोकळं अंगण असेल, चार झाडं असतील.

ते अंगण प्रत्येकाला मिळालं असं नाही, आणि त्यामागे एक नियम आहे. राज्यात डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार, म्हणजे ज्याला सगळे ‘युडीसीपीआर’ म्हणतात त्यानुसार, ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या आराखड्यात १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी ठेवावी लागते. ०.४ हेक्टर म्हणजे ४,००० चौरस मीटर, साधारण एक एकर. मोठ्या संकुलांना हे लागू होतं. पण छोट्या भूखंडावर उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली एकट्या इमारतीला हे बंधन येत नाही. तिच्या वाट्याला येतं ते फक्त इमारत आणि कुंपण यांच्यामधलं सामासिक अंतर. जुन्या इमारतींना तर त्यांच्या वेळचे नियम लागू होते.

त्यामुळे सोसायटीत फुलं लावायची म्हटलं की पहिला प्रश्न हा: आपल्याकडची मोकळी जागा कोणती? नकाशात दाखवलेली बाग की सामासिक अंतर? सामासिक अंतरात विटांचे कायमचे वाफे बांधू नयेत, कारण आग लागली तर अग्निशमनाची गाडी तिथूनच आत यायची असते. तिथं कुंपणाला लागून हलवता येतील अशा कुंड्या ठेवणं शहाणपणाचं.

ही जागा कायद्याने कोणाची?

थोडक्यात उत्तर: सगळ्यांची. त्यामुळेच ती एकट्या कोणाची नाही.

२०१६ च्या रेरा कायद्याने ‘सामाईक क्षेत्रा’ची जी व्याख्या केली, तिच्यात बागा, खेळाच्या जागा आणि उघडं पार्किंग यांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याआधी, ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या मुंबईतल्या प्रकरणात सांगितलं होतं की उघडी पार्किंगची जागा बिल्डर वेगळी विकू शकत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये कोहिनूर सीटीएनएल प्रकरणात, मुंबईच्या तेव्हाच्या नियमावलीच्या संदर्भात, न्यायालयाने आणखी एक मुद्दा स्पष्ट केला. नियमाने सोडायची मनोरंजनाची किमान जागा जमिनीवरच हवी, पार्किंगच्या पोडियमवर दाखवून चालणार नाही.

हे झालं बिल्डरबद्दल. पण रहिवाशांचं काय? तळमजल्यावरचे एखादे काका खिडकीसमोरच्या पट्ट्याला जाळी लावतात, आत गुलाब लावतात, आणि दोन वर्षांनी ती ‘काकांची बाग’ होते. हेतू चांगला असला तरी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार मोकळी जागा स्वतःच्या वापरासाठी अडवता येत नाही. अडवली तर ती सोडावी लागते, शिवाय जितके महिने अडवली तितक्या महिन्यांसाठी मासिक देखभाल शुल्काच्या पाचपट रक्कम भरण्याची तरतूद आहे. जिन्यात, लॉबीत मांडलेल्या कुंड्यांनाही हेच लागू होतं. फुलं सुंदर आहेत म्हणून अतिक्रमण माफ होत नाही.

यातून मार्ग सोपा आहे. काकांना काढू नका, जाळी काढा. बाग सोसायटीची आणि तिची देखभाल काकांकडे, असा सभेत ठराव करून टाका. ज्यांना मनापासून आवड आहे ती माणसं गमावणं कुठल्याच सोसायटीला परवडत नाही.

आणखी एक गोष्ट तपासा. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? कन्व्हेयन्स झालं नसेल तर बाग वापरता तुम्ही, पण कागदावर मालक बिल्डर किंवा मूळ जमीनमालकच राहतो. बिल्डर टाळाटाळ करत असेल तर मोफा कायद्यातल्या २००८ च्या दुरुस्तीमुळे जिल्हा उपनिबंधकांकडे डीम्ड कन्व्हेयन्ससाठी अर्ज करता येतो.

पैसे कोणी द्यायचे?

‘माझा वन आरके आहे, मी टू बीएचकेवाल्याइतकेच पैसे का देऊ?’ हा प्रश्न रास्त वाटतो. पण आदर्श उपविधींत सेवाशुल्कात कोणाचे पगार येतात याची यादी आहे: कार्यालयातले कर्मचारी, लिफ्टमन, वॉचमन आणि माळी. हे सेवाशुल्क सगळ्या सदनिकांमध्ये समान वाटायचं असतं. घराच्या आकाराचा त्याच्याशी संबंध नाही. पाणीपट्टी मात्र प्रत्येक घरातल्या नळजोडांची संख्या आणि आकार यावर ठरते. तुमची इमारत सहकारी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर हिशेब वेगळा असतो. तिथं खर्च अविभक्त हिश्श्याच्या प्रमाणात वाटला जातो.

खरी अडचण पैशापेक्षा तारखेची आहे. सहकार कायद्यानुसार वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. त्यामुळे बहुतेक सभा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होतात. हंगामी फुलांची पेरणी मात्र जूनमध्ये असते. सभेत ठराव होतो तेव्हा पाऊस संपत आलेला असतो. रोपं ऑक्टोबरमध्ये येतात, ऊन सुरू होतं, पाणी कमी पडतं आणि डिसेंबरपर्यंत वाफा सुकतो. पुढच्या सभेत कुणीतरी म्हणतं, ‘आपल्याकडे झाडं टिकत नाहीत.’

झाडं टिकत नाहीत कारण ती चुकीच्या महिन्यात लावली जातात. म्हणून यंदाच्या सभेत पुढच्या जूनच्या खर्चाला मंजुरी घेऊन ठेवणं हा अर्ध्या वादावरचा उपाय आहे.

पाण्याचं गणित काय?

अंबरनाथ-बदलापूरला पाणी पुरवतं महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. बदलापूरसाठी ते उल्हास नदीवरच्या बॅरेज बंधाऱ्यातून उचललं जातं. उन्हाळ्यात कमी दाब, आड दिवस पुरवठा आणि टँकर हे इथल्या रहिवाशांना नवीन नाही. अशा वेळी खाली माळी पाइपने पाणी मारताना दिसला की तिसऱ्या मजल्यावरून ओरडा होणारच.

पण नेमकं किती पाणी लागतं? एक चौरस मीटर जागेत एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कोरड्या दिवसांत फुलांच्या वाफ्याला रोज चार-पाच मिलिमीटर पाणी लागतं असं धरू. गेटजवळचा १० मीटर लांब, २ मीटर रुंद पट्टा म्हणजे २० चौरस मीटर. त्याला रोज जास्तीत जास्त १०० लिटर. शहरी पाणीपुरवठ्यात दरमाणशी १३५ लिटर हे प्रमाण धरतात. म्हणजे अख्खा वाफा एका माणसापेक्षा कमी पितो.

आता शेजारची २०० चौरस मीटरची हिरवळ बघा. तिला याच हिशेबाने रोज १,००० लिटर, म्हणजे सात माणसांचं पाणी. पावसाबाहेरच्या आठ महिन्यांत वाफ्याला १० हजार लिटरचे अडीच टँकर लागतात, लॉनला चोवीस. तेव्हा पाण्यावरून भांडायचंच असेल तर आधी लॉनवरून भांडा. त्यावर कुणाला चालूही देत नाहीत, फूलही येत नाही.

पावसाळी फुलांना तर यातलं फारसं काही लागत नाही. मुंबई परिसरात मान्सून येण्याची सरासरी तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर. या चार महिन्यांत पाणी देण्यापेक्षा ते साचू न देणं हे मोठं काम असतं. इमारतीभोवती बहुतेक ठिकाणी मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा भरलेला असतो, त्यात मुळं कुजतात. वाफा जमिनीपासून वीतभर उंच करून त्यात माती आणि खत भरलं तर अर्धी रोपं वाचतात.

मग लावायचं काय, आणि कधी?

हंगामी फुलं म्हटलं की नर्सरीवाला पेटुनिया, साल्व्हिया दाखवतो. ती थंडीची फुलं. दिसतात छान, पण त्यांचा सगळा हंगाम कोरड्या दिवसांत जातो, म्हणजे रोज पाणी आलं. आपल्याकडच्या हवेला आणि सणांना जुळणारी यादी वेगळी आहे.

तेरडा: पहिल्या पावसात बी टाकलं की भाद्रपदात फूल. गौरीला आपल्याकडे अनेक घरांत तेरड्याचीच गौर लागते आणि त्या दिवसांत बाजारात त्याच्या जुड्या विकत घ्याव्या लागतात. शेंगा तडकून बी आपोआप पडतं, पुढच्या वर्षी पुन्हा उगवतं.

झेंडू: मूळचा मेक्सिकोकडचा, पण आता त्याच्याशिवाय दसरा होत नाही. बी पेरल्यापासून फूल यायला साधारण अडीच ते तीन महिने लागतात. म्हणजे दसऱ्याला फुलं हवी असतील तर जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला बी पडायला हवं. एक फूट अंतराने लावली तर २० चौरस मीटरच्या पट्ट्यात सव्वादोनशेच्या आसपास रोपं बसतात.

कोंबडा आणि गोंफ्रेना: ऊन आणि पाऊस दोन्ही सोसतात, फूल वाळलं तरी रंग टिकतो.

सदाफुली: हिला हंगाम असा नाहीच. मार्च-एप्रिलमध्ये बाकी सगळं वाळतं तेव्हा हीच वाफा झाकून ठेवते.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असं आपण म्हणतो. सोसायटीच्या उत्साहालाही हे लागू पडतं. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी काय काढायचं आणि काय लावायचं हे आधी कागदावर ठरलेलं हवं.

दोन गोष्टी सांभाळा. कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, तेव्हा आठवड्यातून एकदा बश्या ओतून कोरड्या करा. दुसरं म्हणजे खत विकत आणायच्या आधी कचऱ्याकडे बघा. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी ५,००० चौरस मीटरहून मोठ्या संकुलांकडून ओल्या कचऱ्यावर शक्यतो जागेवरच प्रक्रिया अपेक्षिली होती. गणपतीचं निर्माल्य आणि भाजीचे देठ कुजवले तर वाफ्याचं खत घरच्या घरी होतं.

एवढ्याने काय फरक पडतो?

सिंगापूरमध्ये सरकारने २००५ मध्ये ‘कम्युनिटी इन ब्लूम’ नावाचा उपक्रम सुरू केला. सरकारी वसाहतींमधल्या मोकळ्या जागा रहिवाशांच्या गटांकडे बागकामासाठी आल्या. आज अशा बागा हजारावर आहेत. तिथं जागेची चणचण आपल्याहून कमी नाही. फरक इतकाच की प्रत्येक वाफ्यामागे ठरलेली माणसं आहेत.

आपल्याकडे रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. झाडं गेली की तिथं आधी राडारोडा पडतो, मग बाइक येते, मग पेव्हर ब्लॉक बसतात आणि पाच वर्षांनी तिथं बाग होती हे कुणाला आठवतही नाही. नकाशात मात्र ती बागच असते. मोठ्या झाडांना १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याचं कवच आहे, ती विनापरवानगी तोडता येत नाहीत. झेंडूला असं कवच नाही. पण दरवर्षी त्या जागी नवी रोपं लागत राहिली तर जागा वापरात आहे हे सगळ्यांना दिसत राहतं. रोप चार महिन्यांचं असलं तरी त्याने राखलेली जागा पुढच्या पिढीच्या कामी येते.

यंदाच्या सभेत काय विचारायचं?

१. मंजूर नकाशाची प्रत सोसायटीकडे आहे का? नसेल तर नगरपरिषदेकडे माहिती अधिकारात अर्ज करून मिळवता येते.
२. त्या नकाशात बाग कुठे दाखवली आहे आणि आज तिथं काय आहे?
३. कन्व्हेयन्स झालं का? नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज कधी करायचा?
४. पुढच्या जूनच्या लागवडीला किती पैसे, आणि वाफ्याची जबाबदारी कोणत्या दोन-तीन घरांकडे?

चार प्रश्नांना पंधरा मिनिटं पुरतात. उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घ्या, म्हणजे पुढच्या जूनमध्ये ग्रुपवर झेंडूचा फोटो आला की कुणी तरी तो ठरावच पाठवू शकेल.