प्रयोगशाळा आली, शिकवणारा कुठे आहे?

शासकीय शाळांमध्ये पाच वर्षांत ५० हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा केंद्र सरकारने २०२५-२६च्या अर्थसंकल्पात केली. घोषणा निःसंशय स्वागतार्ह आहे. २०१६पासून या योजनेत दहा हजार शाळांना प्रयोगशाळा मिळाल्या आणि त्रिमितीय मुद्रक, सेन्सर, रोबोटचे सुटे भाग ही शहरी खासगी शाळांची मिरास तालुक्याच्या गावातील हायस्कुलापर्यंत पोहोचली. परंतु हे सारे चालवणार कोण, हा प्रश्न विचारणे प्राप्त आहे. २० लाखांच्या अनुदानातील निम्मी रक्कम उभारणीसाठी आणि निम्मी फार तर पाच वर्षांच्या खर्चासाठी. स्वतंत्र, कायम शिक्षकाचे पद त्यात नाही. जबाबदारी येते ती विज्ञानाच्या शिक्षकावर. आणि त्याच्या माथ्यावर दहावीचे वर्ग, मतदारयाद्या व रोजची ऑनलाइन माहिती आधीच बसलेली असते. मग प्रयोगशाळेचे कुलूप केवळ तपासणीच्या दिवशी उघडले जाऊ लागले, तर दोष कोणाला द्यावयाचा?

वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या मातीतच सापडलेले आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातील मोठ्या पदाचा त्याग करून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातील पाबळ या अवर्षणग्रस्त गावात विज्ञान आश्रम उभारला. गावच्या हायस्कुलातील आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी त्यांनी आठवड्यातला एक पूर्ण दिवस कामाला दिला. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार विभाग, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने चारही शिकावयाचे. वेल्डिंग करणारी मुलगी आणि रक्तगट तपासणारा मुलगा हे तेथे नवल नव्हते. शिकवण्यास गावातीलच कुशल माणसे घेतली. मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगाचे असे आणि त्याचा मोबदलाही मिळे. हातांना काम दिल्याने बुद्धी वाढते, ही कलबागांची धारणा होती. कारागीर घडवण्याचा कारखाना काढणे हा त्यांचा हेतूच नव्हता. राज्याच्या माध्यमिक मंडळाने हा अभ्यासक्रम मान्य केला आणि तो इतर शाळांतही गेला. २००३ साली डॉक्टर गेले. आश्रम आजही चालू आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. कारागिरी शिकवणे म्हणजे कष्टकऱ्यांच्या मुलांना पुन्हा जातीच्या धंद्यात ढकलणे होय, असा तो आक्षेप. तो झटकून टाकण्याजोगा नाही. १९५३ साली मद्रास प्रांतात राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस घरचा व्यवसाय अशी योजना आणली. ती लोकांनी याच कारणास्तव नाकारली आणि १९५४मध्ये मागे घ्यावी लागली. तो विरोध रास्तच होता. पण पाबळमध्ये बापाचा धंदा कोणी विचारला नाही. वाण्याच्या पोराने फाळ जोडावा आणि सुताराच्या पोरीने माती तपासावी, अशी ती व्यवस्था. जातीची भिंत अशा शाळेत पडते, उभी राहत नाही.

खरी अडचण निराळीच आहे. कौशल्यशिक्षणाचे गोडवे गाणारा सुशिक्षित वर्ग स्वतःच्या मुलाला मात्र आठवीपासूनच जेईईच्या शिकवणीला धाडतो. साहजिकच तालुक्यातील पालकही तेच शहाणपण शिकतो आणि व्यवसायविषय ‘ढ’ मुलांच्या वाट्याला येतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हे दुय्यमत्व मोकळेपणी मान्य केले. १९ ते २४ वयोगटातील पाच टक्क्यांहूनही कमी भारतीय कामगारांना औपचारिक व्यवसायशिक्षण मिळाले होते, तर जर्मनीत ते प्रमाण ७५ टक्के होते, हेही त्यात नमूद आहे. उपाय म्हणून सहावी ते आठवीच्या काळात दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. दहा दिवसांत मुलाची सुताराशी ओळख होईल. रंध्याशी होणार नाही.

समग्र शिक्षा योजनेतील व्यवसायविषयांचे प्रशिक्षक बहुतांशी बाहेरच्या संस्थांमार्फत, कंत्राटी मानधनावर येतात. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण या शाळेत असू की नाही हे ठाऊक नसते, तो मुलांसोबत गोठा काय उभारणार? गणिताच्या शिक्षकाचे पद संचमान्यतेत धरले जाते, तसे या विभागाचे एक पद धरण्यास हरकत कोणती? नव्या प्रयोगशाळेचा नारळ फुटेल तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनी पाहुण्यांकडे दोनच गोष्टींची चौकशी करावी : वेळापत्रकात तिला कोणता वार दिला आहे, आणि हजेरीपटावर तिच्या शिक्षकाचे नाव कोणते आहे.