हेतू तपासायचा कोणी?

सरकारी हुकूम कायद्याच्या भाषेत लिहिलेला असतो. त्यामागचा आकस कागदावर कधीच उतरत नाही. म्हणूनच ‘हा हुकूम दुष्ट हेतूने काढला आहे’ ही तक्रार ऐकण्याचा न्यायालयाचा अधिकार नागरिकाचा अखेरचा आधार ठरतो. तो काढून घेतला की काय होते, हे देशाने १९७६ साली पाहिले.

तत्पूर्वीचा दंडक वेगळा होता. चीन-युद्धाच्या वेळची आणीबाणी चालू असतानाच, १९६३ मध्ये, माखनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुष्ट हेतूने केलेल्या स्थानबद्धतेला आव्हान देण्याची मुभा मान्य केली. त्याच आणीबाणीत, १९६५ मध्ये, डॉ. राममनोहर लोहियांच्या स्थानबद्धतेचा हुकूम नियमाच्या कक्षेबाहेर गेला म्हणून रद्द ठरला. १९७५ च्या आणीबाणीतही नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांनी मिसाबंदींसाठी आपले दार उघडे ठेवले. ते दार सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मतांनी बंद केले. हुकूम बेकायदा असो वा दुष्ट हेतूचा, बंदिवानाला उच्च न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निवाडा झाला. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास देण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला.

पुढे १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काला आणीबाणीतही संरक्षण दिले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कलंकित निवाडा स्वतःच मोडीत काढला. मग प्रश्न मिटला काय? मुळीच नाही. दार उघडले, पण पुराव्याची पेटी सरकारच्याच कडीकुलपात राहिली. हेतू दुष्ट होता हे सिद्ध करण्याचा भार पीडितावर, आणि तो ज्यात दडला आहे ती फाईल मात्र आरोप झालेल्या सत्तेच्या हाती! सार्वजनिक हिताला बाधक वाटणारी माहिती बंदिवानापासून लपवण्याची मुभा खुद्द घटनेच्या २२ व्या कलमात आहे. १९८० च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्यातही ती आहे. ज्याच्यावर आकसाचा आरोप, त्यानेच सार्वजनिक हित कशात आहे ते ठरवायचे, हा कुठला न्याय?

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. आकसाचा सकृद्दर्शनी आरोप उभा राहिला, की हुकमावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने स्वतः प्रतिज्ञापत्र द्यावे आणि मूळ फाईल न्यायालयापुढे ठेवावी. सरकारचा हेतू शुद्ध असेल, तर फाईल उघडण्याचे भय त्याला का वाटावे?