अर्धशिशी : निमित्त आणि कारण

आपल्या भाषेने डोकेदुखीला कधी मान दिलेला नाही. नकोसा पाहुणा, न जुळणारा हिशेब, वर्गातला खोडकर विद्यार्थी, या सर्वांना आपण 'डोकेदुखी' म्हणतो. आणि एखादीचे डोके खरोखरच दुखू लागले, की 'निमित्त काढते' असे म्हणून मोकळे होतो. मला अकरावीपासून अर्धशिशी आहे. त्यामुळे हा शब्द मी पुष्कळदा ऐकला आहे, आणि आज त्याच्याविषयीच लिहावयाचे आहे.

अर्धशिशी हे आजकालच्या नाजूक पिढीचे खूळ नव्हे. आयुर्वेदाच्या संहितांत तिला 'अर्धावभेदक' म्हटले आहे. ग्रीकांनी 'हेमिक्रेनिया', म्हणजे अर्धे डोके, असे नाव दिले आणि त्यातूनच पुढे 'मायग्रेन' हा शब्द आला. ठणका बहुधा एका बाजूला असतो. उजेड आणि आवाज सहन होत नाही, मळमळते, उलटी होते. उपचार न केल्यास हा प्रकार चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो. काहींना आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा दिसतात. बंगळूर शहर आणि आसपासची खेडी यांत झालेल्या एका पाहणीत (ती 2014 साली प्रसिद्ध झाली) 18 ते 65 वयाच्या दर चार माणसांपैकी एकाला वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झाल्याचे आढळले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे दुखणे दुपटी-तिपटीने अधिक. म्हणजे आपल्या वर्गातही ते अनेकींच्या बाकावर बसलेले असणार. फक्त हजेरीपटावर त्याचे नाव नसते.

आता निमित्तांकडे वळू. भंडारा जिल्ह्यातल्या कोणत्याही घरी विचारा, यादी तोंडपाठ असते : मे महिन्यातले ऊन, निर्जळी उपास, मंडईच्या दिवसांत रात्रभर नाटक-दंडार पाहून झालेले जागरण, रोवणीच्या वेळी पोटात काही नसता बांधीत वाकून काढलेला दिवस, आणि डोक्यावरून न्हाणे. यातले शेवटचे ऐकून शहाणीसुरती माणसे हसतात. पण मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर यांनी केस धुतल्यावर अर्धशिशी उठणाऱ्या 94 रुग्णांची निरीक्षणे 2006 साली 'सेफलाल्जिया' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडली. आजीबाईंचे म्हणणे असे एकदम शास्त्राच्या दारात जाऊन उभे राहिले.

तथापि निमित्तांच्या यादीला वेदवाक्य मानणेही बरे नव्हे. 2013 साली डेन्मार्कमधील संशोधकांनी प्रखर उजेड किंवा कष्टाचा व्यायाम यांनी आपले दुखणे उठते असे सांगणाऱ्या 27 रुग्णांवर त्याच गोष्टींचा प्रयोग केला. हे सारे रेषा दिसणाऱ्या प्रकारचे रुग्ण होते. तसा झटका तिघांनाच आला. आणखी तिघांना रेषांवाचून अर्धशिशी झाली. 2016 साली जर्मनीत एका रुग्णेच्या मेंदूचे सलग 30 दिवस चित्रण केले गेले. ठणका सुरू होण्याच्या आदल्या दिवशीच मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाचे काम बदललेले दिसले. भूक, तहान आणि झोप यांचा कारभार पाहणारा हाच तो भाग. म्हणजे उजेड खुपला म्हणून दुखणे आले, की दुखणे आतून निघाले होते म्हणून उजेड खुपला, हे ठरविणे आपल्याला वाटते तितके सोपे नाही.

आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला निमित्तकारण आणि उपादानकारण यांतला भेद शिकवतात. मडक्याला कुंभार हे निमित्त, माती हे उपादान. ऊन आणि उपास हे फार तर कुंभार; माती मेंदूच्या घडणीत आहे आणि ती बरेचदा वारशाने येते. असे असता 'कशाला उन्हात गेलीस? कशाला जागलीस?' असा जाब विचारण्यात काय अर्थ आहे? वेळेवर जेवावे, पाणी प्यावे, झोपेची वेळ पाळावी, झटक्यांची वहीत नोंद ठेवावी, हे खरे आणि उपयोगाचेही. पण एवढे करूनही दुखले, तर तो त्या मुलीचा गुन्हा नव्हे.

उपचार नाहीत असेही नाही. साधी वेदनाशामक गोळी दुखण्याच्या आरंभी घेतली तर अनेकांना पुरते. 1991 पासून सुमाट्रिप्टान हे खास अर्धशिशीचे औषध वापरात आले, मात्र हृदयविकार असलेल्यांना ते वर्ज्य आहे. झटके वारंवार येत असतील तर ते टाळण्यासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधे डॉक्टर देतात. दमेकऱ्यांना तेही चालत नाही. सीजीआरपी या मेंदूतल्या द्रव्याचा अर्धशिशीशी असलेला संबंध ओळखल्याबद्दल चार संशोधकांना 2021 चा 'ब्रेन प्राइझ' मिळाला आणि त्या शोधातून निघालेली इंजेक्शने 2018 पासून मिळू लागली. पण ती महाग आहेत. लाखनी-लाखांदूरच्या शेतमजूर बाईला त्यांचा काय उपयोग?

तिच्या वाट्याला येते ती किराणा दुकानातली सुटी गोळी. आणि धोका तिथेच आहे. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, अशा महिनोन् महिने घेतल्या तर त्या गोळ्यांचीच डोकेदुखी जडते. अचानक वीज पडावी तसे डोके दुखले, सोबत ताप येऊन मान ताठली, हातपाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर मात्र ती अर्धशिशी समजून घरी थांबू नये. तडक दवाखाना गाठावा.

गुरुजनांना आणि मित्रमैत्रिणींना माझी विनंती लहानशीच आहे. महाविद्यालयात एक अंधारी, शांत खोली असावी. घटक चाचणीच्या दिवशी झटका आलेल्या विद्यार्थिनीला दुसरी संधी मिळावी. आणि वर्गातून उठून जाणाऱ्या मुलीकडे पाहून कोणी डोळे मिचकावू नयेत. पहिल्या गोष्टीला थोडी जागा लागेल, दुसरीला एक नियम. तिसरीला काहीच लागत नाही, आणि ती उद्यापासून सुरू करता येईल.