किशोरवयीन मनातील धास्ती : गुरुग्राम प्रकरणाच्या निमित्ताने

8 सप्टेंबर 2017 रोजी सकाळी गुरुग्रामच्या भोंडसी भागातील रायन इंटरनॅशनल शाळेत दुसरीच्या वर्गातील 7 वर्षांच्या मुलाची हत्या झाली. हरियाणा पोलिसांनी प्रथम शाळेच्या बसच्या वाहकाला अटक केली. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीबीआयकडे गेला आणि नोव्हेंबरमध्ये या यंत्रणेने त्याच शाळेतील अकरावीच्या 16 वर्षीय विद्यार्थ्याला ताब्यात घेतले. बसवाहकाला फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने आरोपमुक्त केले. विद्यार्थ्याविषयी सीबीआयने जो हेतू सांगितला, तो ऐकून देश सुन्न झाला. शाळा बंद पडावी आणि जवळ आलेली परीक्षा व पालक-शिक्षक सभा लांबणीवर पडावी, यासाठी हे कृत्य करण्यात आले, असा तो आरोप.

आरोप म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे, हे येथे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. आणखी एक गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. परीक्षेच्या भीतीने ग्रासलेली मुले कोणाला इजा करीत नाहीत. ती स्वतः झिजतात, तीही बहुधा कोणाला न कळता. त्यामुळे या प्रकरणाकडे बोट दाखवून चिंताग्रस्त मुलाला धोकादायक ठरवणे हा त्या मुलांवर अन्याय होईल. मात्र परीक्षा आणि पालकसभा या दोन गोष्टी एखाद्या मुलाला इतक्या असह्य वाटू शकतात, हे तपास यंत्रणेला आणि ती बातमी वाचणाऱ्या लाखो पालकांना अशक्य कोटीतले वाटले नाही. विचार करण्याजोगी बाब ती आहे.

त्या घटनेनंतर अवघ्या चार दिवसांत केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, संलग्न शाळांना सूचना धाडल्या. मोक्याच्या ठिकाणी सीसीटीव्ही कॅमेरे बसवा, पोलिसांकडून सुरक्षेची तपासणी करून घ्या, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करा. शिक्षक, चालक, वाहक, शिपाई या सर्वांची मानसशास्त्रीय चाचणीही घ्या, असेही त्यात होते. त्या वेळी संशय वाहकावर होता, हे लक्षात घेतले तर या सूचना समजण्यासारख्या आहेत. परंतु दोन महिन्यांनी तपासाची दिशा बदलल्यावर या यादीतील एक मोठी उणीव उघडी पडली. शाळेतील प्रत्येक मोठ्या माणसाचे मन तपासण्याची तरतूद होती. विद्यार्थ्याच्या मनाची विचारपूस कोणी करायची, हे त्या यादीत नव्हते.

गुरुग्राम हे आख्यायिकेनुसार द्रोणाचार्यांचे गाव. झाडावरच्या पक्ष्याचा फक्त डोळा पाहणाऱ्या अर्जुनाची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. ज्यांना धनुष्य खाली ठेवायला सांगितले गेले, त्या इतर शिष्यांना त्या दिवशी काय वाटले असेल, हे मात्र कोणी विचारत नाही. आजच्या गुरुग्राममध्ये उंच इमारती, बहुराष्ट्रीय कंपन्यांची कार्यालये आणि नोकरीसाठी देशभरातून आलेली कुटुंबे आहेत. त्यांत मराठी घरेही आहेत. आजी-आजोबा पुण्याला किंवा नागपूरला, आईवडील दोघेही कार्यालयात आणि शाळेहून परतलेले मूल दहाव्या-बाराव्या मजल्यावर एकटे, हे चित्र तेथे नवे नाही. पुण्याच्या हिंजवडीत किंवा नवी मुंबईतही ते वेगळे नाही.

या प्रश्नाची व्याप्ती काय आहे? बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातील 7.3 टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. महानगरांत हे प्रमाण 13.5 टक्के होते. या वयोगटातील विकारांत चिंताविकार सर्वांत पुढे होते. त्या 12 राज्यांत हरियाणा नव्हता आणि महाराष्ट्रही नव्हता. एनसीईआरटीने 2022 मध्ये सहावी ते बारावीच्या पावणेचार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. त्यांतील 81 टक्के मुलांनी चिंतेचे कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल यांकडे बोट दाखवले. या दोन आकड्यांची गल्लत करू नये. चिंता वाटणे आणि चिंताविकार जडणे यांत अंतर आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री पोटात गोळा येणे हे निरोगी मनाचेच लक्षण होय. ती अवस्था आठवडेच्या आठवडे टिकली, झोप, भूक, मैत्री आणि शाळा यांच्या आड येऊ लागली, की तिला विकार म्हणतात.

आपल्या भाषेने हे अंतर पूर्वीच ओळखले होते. काळजी, हुरहूर, धाकधूक, घालमेल, धास्ती, धसका या प्रत्येक शब्दाची तीव्रता निराळी आहे. आज या सर्वांच्या जागी 'टेन्शन' हा एकच शब्द येऊन बसला आहे. मूल म्हणते, टेन्शन आलंय. घरचे म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस. संवाद तेथेच संपतो. मुलाला धाकधूक वाटत होती की त्याने कशाचा धसका घेतला होता, हे कळायला वावच उरत नाही.

किशोरवयात ही अवस्था अधिक तीव्र का होते, याचे उत्तर काही अंशी शरीरात आहे. धोक्याची सूचना देणारा मेंदूचा भाग या वयात चांगलाच जागा असतो, तर त्या सूचनेची शहानिशा करणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपास पूर्णत्वास जातो. झोपेचे चक्रही या वयात निसर्गतः पुढे सरकते. रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही आणि शाळेची बस मात्र सकाळी लवकर येते. अपुरी झोप चिंतेला खतपाणी घालते. अनेकदा ही चिंता शब्दांत न येता शरीरातून बोलते. सोमवारी सकाळी दुखणारे पोट सुट्टी मिळाल्यावर दहा वाजेपर्यंत बरे होते. आईवडिलांना ते ढोंग वाटते. वस्तुतः दुखणे खरे असते, कारण तेवढे पोटात नसते.

या ठिकाणी गुरुग्राम प्रकरणातील आरोपाकडे पुन्हा वळावे लागेल. परीक्षा पुढे ढकलली जावी, ही इच्छा त्या एका आरोपापुरती नाही. भीतीच्या गोष्टीपासून दूर पळणे हाच चिंतेचा मूळ स्वभाव आहे. पळ काढताच तात्काळ हायसे वाटते, आणि ते हायसे वाटणेच पुढच्या वेळची भीती वाढवते. चाचणी बुडवली की सहामाही परीक्षा अधिक मोठी दिसते, सहामाही बुडवली की वार्षिक परीक्षेचा डोंगर होतो. प्रेमापोटी मुलाला वारंवार घरी ठेवणारे आणि त्याच्या वतीने शिक्षकांशी बोलणारे पालक नकळत हेच चक्र फिरवत असतात. त्याचबरोबर जबरदस्तीने ढकलणेही उपयोगी पडत नाही. विचार आणि वर्तन या दोहोंवर काम करणाऱ्या सीबीटी या उपचारपद्धतीत मुलाला भीतीच्या गोष्टीजवळ लहान लहान पायऱ्यांनी, कोणीतरी सोबत असताना, नेले जाते. वर्गात उभे राहून बोलण्याची धास्ती असेल तर आधी घरी, मग एका मित्रापुढे, मग चार जणांपुढे. मुलांच्या चिंताविकारांवर सर्वाधिक भरवशाच्या ठरलेल्या उपचारांत या पद्धतीची गणना होते.

परीक्षांच्या धोरणाकडेही याच नजरेने पाहता येते. सीबीएसईने 2026 पासून दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा घेण्यास प्रारंभ केला. एका दिवसावर सारे काही अवलंबून राहू नये हा हेतू स्वागतार्ह आहे. मात्र ज्या घरात 95 टक्क्यांनंतर उरलेल्या पाच टक्क्यांची चौकशी होते, तेथे दुसरी संधी ही फेब्रुवारीची धास्ती मेपर्यंत लांबवणारी ठरू शकते. पालकसभेचेही तसेच आहे. मुलाच्या देखत, इतर पालकांच्या समोर गुणपत्रिका वाचली जाते तेव्हा ती सभा न राहता सुनावणी होते.

न्यायव्यवस्थेने मात्र या प्रकरणातून काहीसा लांबचा रस्ता चालून मुलाच्या मनापर्यंत मजल मारली. आरोपी विद्यार्थ्यावर प्रौढ म्हणून खटला चालवावा, असे बाल न्याय मंडळाने डिसेंबर 2017 मध्ये ठरवले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने तो निर्णय 2018 मध्ये रद्द केला आणि 13 जुलै 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचे म्हणणे कायम ठेवले. मुलाच्या मानसिक क्षमतेचे मूल्यमापन हे नाजूक व तज्ज्ञतेचे काम आहे, मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक समजावे, असा त्या निकालाचा आशय होता. नव्याने मूल्यमापन झाले आणि ऑक्टोबर 2022 मध्ये मंडळाने पुन्हा प्रौढ म्हणूनच खटल्याचा निर्णय दिला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन मंजूर केला.

तीन वर्षांनी, 25 जुलै 2025 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणम येथे नीटची तयारी करणाऱ्या 17 वर्षीय मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात देशातील सर्व शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असावा. गुणांच्या आधारे तुकड्या पाडू नयेत, विद्यार्थ्यांना चारचौघांत अपमानित करू नये, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. न्यायमूर्ती विक्रम नाथ हे दोन्ही खंडपीठांवर होते. पहिल्या निकालात मुलाचे मन जाणणारा माणूस गुन्ह्यानंतर हवा होता. दुसऱ्यात तो शाळेच्या आवारातच हवा आहे.

समुपदेशक नेमला म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. त्याला रजेवरील शिक्षकांचे तास घ्यायला लावले आणि त्याची खोली मुख्याध्यापकांच्या दालनाला लागून असली, तर मुले तिकडे फिरकणार नाहीत. मुलाने सांगितलेली गोष्ट त्याच संध्याकाळी घरी फोनने पोहोचली, तर ते मूल पुन्हा कधी बोलणार नाही. जिवाला धोका असेल तेव्हा पालकांना सांगणे अटळ आहे, पण ही अट पहिल्याच भेटीत मुलाला समजावून दिलेली असावी.

घरी पालकांनी काय पाहावे? मूल दोन-तीन आठवडे सतत अस्वस्थ आहे, शाळा टाळते आहे, मित्रांपासून तुटते आहे, झोप किंवा जेवण बदलले आहे, असे दिसले तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा. जगण्यात अर्थ नाही अशा स्वरूपाचे बोलणे कानी आले तर आठवडे मोजत बसू नये. असे विचार मनात येतात का, हे मुलाला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलण्याची वाट मोकळी होते. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू असलेली केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते. संकटातील मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक मुलाच्या भ्रमणध्वनीत असावेत, आणि पालकांच्याही.