दोष कोणाचा?

गेल्या महिन्यांत एका स्नेह्यांच्या घरीं गेलों होतों. त्यांचा सहा वर्षांचा नातू जमिनीवरून उठूं लागला. प्रथम हात भुईवर, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकीत, जणूं स्वतःच्याच देहाची शिडी करून तो उभा राहिला. पोटऱ्या मात्र पहिलवानासारख्या! डॉक्टरांनीं रोग सांगितलाच होता. आजीबाई म्हणाल्या, "सुनेच्या माहेरची देणगी, दुसरें काय!" सून मान खालीं घालून आंत गेली.

उठण्याच्या या रीतीस गॉवर्स या इंग्रज वैद्याचें व रोगास ड्यूशेन या फ्रेंच वैद्याचें नांव आहे. स्नायूंचें रक्षण करणारें डिस्ट्रॉफिन हें प्रथिन या मुलांच्या शरीरांत बनत नाहीं. १९८७ सालीं त्याचा शोध लागला. तें घडविणारा जनुक क्ष गुणसूत्रावर असतो. मुलीस अशीं दोन गुणसूत्रें असतात. एक बिघडलें तरी दुसरें बहुधा सांवरून घेतें. मुलास एकच, आणि तें आईकडून आलेलें. एवढ्यावरून आईवर आळ येतो. परंतु हा जनुक सुमारें २२ लक्ष अक्षरांचा आहे. एवढी मोठी पोथी उतरतांना लेखनप्रमाद घडावयाचेच. सुमारें एकतृतीयांश रुग्णांच्या आईच्या ठायीं दोष नसतोच. तो नव्यानें उपजतो. असला, तरी तिनें तो मागून घेतलेला नसतो.

आळ घेण्यानें खरी हानि पुढें होते. बारा वर्षांच्या सुमारास या मुलांचें चालणें थांबतें. मग दुर्बळ स्नायूंस पाठीचा कणा सांवरेनासा होतो. तो एका बाजूस वांकतो व श्वासास अडथळा करतो. समूळ उपाय अद्याप नाहीं. पण स्टिरॉइड औषधें वेळीं सुरू केल्यास चालणें अधिक काळ टिकतें व कणाही कमी वांकतो. कणा फार वांकूं लागल्यास शस्त्रक्रिया करतां येते. लाजेपायीं रोग झांकणाऱ्या घरांत ही वेळ निघून जाते.

मी आजीबाईंस एवढेंच विचारलें, "सुनेची धाकटी बहीण लग्नाची आहे ना? हा दोष तिच्याही ठायीं असूं शकेल. तिची तपासणी कोण सुचविणार?" त्या गप्प राहिल्या.

परवां त्यांचें पत्र आलें. दोघी बहिणींस घेऊन त्या स्वतः रक्ततपासणीस जाऊन आल्या. निकाल यावयाचा आहे.