झिप फाईल एकच, पण आतला कोड वेगळा? पायपीआयने नियम का कडक केले

पायथनचं पॅकेज इन्स्टॉल करताना बहुतेक वेळा ‘व्हील’ नावाची फाईल डाऊनलोड होते. ही खरं तर झिप फाईलच. 2003 पासून तर पायथन झिपमधले मॉड्यूल ती न उलगडताही थेट चालवू शकतं.

मग धोका कुठे?

झिपमध्ये फाईलींची नोंद दोनदा असते: प्रत्येक फाईलच्या आधी एक आणि शेवटी सगळ्यांची एकत्र यादी. काही टूल शेवटची यादी वाचतात, काही सुरुवातीपासून वाचत जातात. या नोंदी मुद्दाम वेगळ्या ठेवल्या, तर तपासणाऱ्याला एक कोड दिसतो आणि तुमच्या कॉम्प्युटरवर दुसराच उतरतो.

काय बदललं?

पायपीआय हे पायथन पॅकेजेसचं मुख्य भांडार. अशा फसव्या झिप स्वीकारणार नाही, असं त्याने ऑगस्ट 2025 मध्ये जाहीर केलं. आतल्या फाईली ‘रेकॉर्ड’ यादीशी जुळत नसतील, तर आधी इशारा आणि फेब्रुवारी 2026 पासून थेट नकार. पायपीआयवरून असा हल्ला झाल्याचा पुरावा मात्र मिळालेला नाही.

तुम्ही काय कराल?

‘यूव्ही’ने पॅकेजेस इन्स्टॉल करत असाल, तर 0.8.6 किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. ही त्रुटी तिथे दुरुस्त झाली आहे.